खारावलेल्या शेतासाठी घेतलेले चार गवतांचे बेणे: दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

मानवत तालुक्यातील आमच्या शेताचा खालचा तुकडा गेल्या दहा-बारा वर्षांत हळूहळू हातातून गेला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची चारी शेताच्या वरच्या अंगाने जाते. पाणी आले तेव्हा घरच्या मोठ्यांनी ऊस लावला, पाटाचे पाणी मोकळे दिले, निचऱ्याचा चर मात्र कोणी खोदला नाही, आणि भारी काळ्या जमिनीत भूजल वर्षागणिक वर येत राहिले. उन्हाळ्यात आधी सरीच्या माथ्यावर, मग सगळीकडे पांढरे फुटू लागले. ऊस खुरटला, ज्वारी विरळ झाली आणि शेवटी तिथे हरळी तेवढी हिरवी राहिली. त्या ३० गुंठ्यांत निदान जनावरांची वैरण यावी, या हेतूने मी दोन पावसाळ्यांपूर्वी परभणीपासून तासाभराच्या अंतरावरील एका खाजगी चारा-रोपवाटिकेतून चार गवतांचे बेणे आणले: संकरित नेपियरच्या, म्हणजे हत्ती गवताच्या, डोळ्यांच्या कांड्या, पॅरा गवताच्या काड्या, कर्नाल गवताचे ठोंब आणि ऱ्होड्स गवताचे बी. चारही गवते ‘क्षार सहन करणारी’ म्हणून विकली जातात. हे परीक्षण त्या बेण्याचे आणि रोपवाटिकेने दिलेल्या सल्ल्याचे आहे. माझ्या तक्रारी मी मालकांना समोर बसून सांगितल्या आहेत आणि त्यांनी त्या नीट ऐकून घेतल्या आहेत, म्हणून रोपवाटिकेचे नाव येथे देत नाही.

बेण्याविषयी लिहिण्याआधी जमिनीविषयी लिहिणे भाग आहे, कारण ‘खारी जमीन’ या एका शब्दाखाली आपण दोन वेगळे आजार झाकतो आणि बेणे घेतानाची अर्धी फसगत तिथेच होते. खऱ्या अर्थाने क्षारयुक्त जमिनीत विद्राव्य क्षार जास्त असतात, संपृक्त अर्काची, म्हणजे माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते, पण सामू (पीएच) साडेआठच्या आत राहतो. अशी जमीन पाण्याने धुतली जाऊ शकते, मात्र ते पाणी खाली निघून जायला वाट हवी. चोपण जमिनीत उलट घडते. तिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो, या चिकटलेल्या, म्हणजे विनिमयक्षम, सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या वर आणि सामू साडेआठच्या वर असतो. ओली असताना ती साबणासारखी होते, वाळली की दगडासारखी होते आणि पाणी तिच्यात मुरतच नाही. माझ्या ३० गुंठ्यांत हे दोन्ही निघाले. अगदी खालच्या भागात वाहकता ८ आणि सामू ८.३ आला. त्याच्या वरच्या पट्ट्यात वाहकता ३ पेक्षा कमी, पण सामू ९.१ आणि विनिमयक्षम सोडियम २२ टक्के आला. कडेचा थोडा भाग मात्र जवळजवळ निरोगी होता.

येथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण ती मला स्वतःला बरीच उशिरा कळली. आपल्याकडे माती परीक्षणाच्या पत्रिकेवर येणारी वाहकता बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी मिसळून मोजलेली असते. गवत किती क्षार सहन करते हे सांगणारे तक्ते मात्र संपृक्त मातीच्या अर्कावर आधारलेले असतात. जास्तीच्या पाण्यामुळे पहिला आकडा लहान दिसतो. त्याच मातीचा संपृक्त अर्क काढला, तर तो काही पटींनी मोठा निघतो. पत्रिकेवर २ पाहून ‘आपली जमीन तर बरी आहे’ असे समजणारा शेतकरी प्रत्यक्षात लसूण घासाला मारक असलेल्या जमिनीवर उभा असू शकतो. मी प्रयोगशाळेत संपृक्त अर्काची मागणी वेगळी नोंदवली, थोडे जास्त पैसे भरले, आणि त्या खर्चाइतका उपयोगी खर्च या संपूर्ण प्रयोगात दुसरा झाला नाही.

तो आकडा हाती आला की तक्ते बोलू लागतात. मास आणि हॉफमन या संशोधकांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक पिकाला एक उंबरठा असतो. तेथपर्यंत उत्पादन घटत नाही, आणि त्यापुढे वाहकतेच्या प्रत्येक एककामागे ठरावीक टक्के घट येते. लसूण घासाचा उंबरठा २ आणि घट ७.३ टक्के, उसाचा उंबरठा १.७ आणि घट ५.९ टक्के, तर हरळीचा उंबरठा ६.९ आणि घट ६.४ टक्के आहे. माझ्या खालच्या तुकड्यातील ८ हा आकडा त्यांत घालून पाहिला, तर लसूण घास सुमारे ४४ टक्के आणि ऊस सुमारे ३७ टक्के घटतो. हरळी मात्र जेमतेम ७ टक्के घटते. आपण खुरप्याने जन्मभर जिचा पिच्छा पुरवला, ती हरळी बांधावर आणि पांढऱ्या मातीत हिरवी का राहते, याचे उत्तर मला या साध्या गणितात मिळाले. ‘क्षार सहन करणारे’ असे लिहिलेल्या बेण्याच्या विक्रेत्याने असा एखादा आकडा सांगावा, ही माझी अपेक्षा होती. रोपवाटिकेत चारपैकी एकाही गवतासाठी तो कोणाला सांगता आला नाही.

सर्वांत जास्त निराशा नेपियरने केली, आणि रोपवाटिका सर्वांत जास्त अभिमानाने विकते ते तेच. एका डोळ्याला दीड रुपया घेतात. साध्या नेपियरपेक्षा दर जास्त का, असे विचारल्यावर मालक म्हणाले, “दादा, आमच्या खाऱ्या वावरात तीन वर्षं टिकलेल्या ठोंबांचंच बेणं तुम्हाला देतोय, बाकीचे सगळे मेले.” त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, त्यांनी खरोखर तसेच निवडले होते. मी १,५०० डोळे घेतले आणि मुद्दाम तिन्ही प्रकारच्या जमिनीत विभागून लावले. निरोगी कडेला गवत पुरुषभर उंच वाढले. चोपण पट्ट्यात निम्मे डोळे फुटलेच नाहीत आणि जे फुटले त्यांना फुटवे कमी आले. खालच्या क्षारयुक्त तुकड्यात पानांची टोके आधी करपली, मग कडा करपल्या, आणि दिवाळीपर्यंत जेमतेम पाव ठोंब जिवंत राहिले. शेजाऱ्याकडून आणलेल्या साध्या नेपियरच्या दोन ओळी मी तिथेच लावल्या होत्या. त्यांची अवस्था याहून वेगळी नव्हती.

असे का झाले, हे समजण्यासाठी नेपियरच्या जन्माकडे पाहावे लागते. संकरित नेपियर हा बाजरी आणि हत्ती गवत यांचा संकर आहे. बाजरीत १४ गुणसूत्रे असतात, हत्ती गवतात २८, आणि संकरात २१ येतात. ही विषम संख्या जोडीने विभागता येत नाही, म्हणून संकर वांझ असतो. त्याला उपयोगी बी धरत नाही आणि त्याची लागवड कांडीने किंवा ठोंबाने करावी लागते. म्हणजेच एका वाणाचे शेतातील सर्व ठोंब हे मुळात एकाच झाडाचे तुकडे असतात. अशा शेतात काही ठोंब जगले आणि काही मेले, तर तो फरक वंशाचा नसून बहुतांशी जागेचा असतो. खाऱ्या जमिनीत क्षार सगळीकडे सारखे पसरलेले नसतात; दोन हातांच्या अंतरावर वाहकता दुप्पट होऊ शकते. मालकांनी तीन वर्षे निष्ठेने निवडले ते सहनशील झाड नव्हते. कमी खारी जागा त्यांनी निवडली होती. क्षार सहन करणारे नेपियर घडवायचे असेल तर ती निवड संकराच्या आधी, बाजरीच्या आणि हत्ती गवताच्या वेगवेगळ्या वाणांत करावी लागते, आणि ते काम संशोधन केंद्रांचे आहे. चांगल्या जमिनीसाठी मी या रोपवाटिकेची कांडी आजही घेईन. ती ताजी होती, डोळे फुगलेले होते, ओल्या पोत्यात व्यवस्थित बांधून दिली होती. पण क्षाराच्या नावाखाली घेतलेला जास्तीचा दर मला न्याय्य वाटत नाही, आणि पावतीवर वाणाचे नावही नव्हते.

पॅरा गवताविषयी फार लिहिण्यासारखे नाही. काड्यांची मोळी स्वस्त मिळाली, ओलसर कोपऱ्यात खोचली आणि ती लागली. पाणी साचून राहणाऱ्या जागेत हे गवत चांगले तग धरते. मात्र त्याला चरापासून आणि चारीपासून दूर ठेवा. त्याच्या धावत्या काड्या पेरापेराला मुळे धरतात आणि वर्षभरात चर बुजवून टाकतात, आणि खाऱ्या जमिनीत निचऱ्याचा चर बुजणे म्हणजे मूळ दुखणे परत आणणे होय. ही सूचना विक्रीच्या वेळी मिळायला हवी होती. मला ती पुढच्या पावसाळ्यात फावडे हातात घेतल्यावर कळली.

कर्नाल गवताचे ठोंब ही या रोपवाटिकेची सर्वांत मोलाची वस्तू आहे, आणि ती तिथे एका कोपऱ्यात, बिनपाटीच्या वाफ्यात पडून होती. मूळ बेणे हरियाणातून आणल्याचे मालकांनी सांगितले. कर्नाल येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने हे गवत अतिशय चोपण, १० पेक्षाही जास्त सामू असलेल्या जमिनींसाठी अभ्यासले आणि शिफारसले. पाकिस्तानच्या पंजाबात ते कल्लर गवत म्हणून ओळखले जाते. मी एक रुपया दराने ३,००० ठोंब घेऊन चोपण पट्ट्यातील चार गुंठ्यांत लावले. लागण इतकी चांगली झाली की मरतुक भरून काढण्यासाठी वेगळे ठेवलेले ठोंब मी शेजाऱ्यांना वाटून टाकले. पावसाचे पाणी आठवडाभर साचले, तरी गवत पिवळे पडले नाही.

या गवताचे खरे महत्त्व वैरणीच्या पलीकडे आहे. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे जागोजागी सापडतात. हा चुना न विरघळता पडून असतो, म्हणून त्यातील कॅल्शियम सोडियमला हटवू शकत नाही. दाट मुळांच्या श्वसनातून मातीत कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने चुना थोडा थोडा विरघळतो, मोकळे झालेले कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेते, आणि मुळांनी पाडलेल्या वाटांतून तो सोडियम पावसाबरोबर खाली जाऊ शकतो. हे एका वर्षाचे काम नाही. पण दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी त्या चार गुंठ्यांत कुदळ घातली तेव्हा माती ढेकळांत फुटली. बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात ती अजून पाटीसारखी निघते. जमीन सुधारत गेली की हे गवत मागे पडते आणि दुसरी गवते त्याची जागा घेतात, असे या संस्थेच्या कामावरून माहीत आहे, त्यामुळे ते कायमचे पीक म्हणून लावू नये.

जनावरांना ते आवडले, परंतु सावधगिरी हवी. या गवताच्या पानांवर क्षार बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात; दोन पेशींची ही रचना कर्नाल गवतात, ऱ्होड्समध्ये आणि हरळीतही आढळते. ज्वारी, बाजरी आणि हत्ती गवत यांच्या शाखेत अशी क्षार बाहेर टाकण्याची सोय नाही. कोरड्या सकाळी पानावरून बोट फिरवले की पांढरी भुकटी लागते आणि जिभेला खारट लागते. आमच्या लाल कंधारी गाई हे गवत खाल्ल्यावर नेहमीपेक्षा जास्त पाणी पितात. म्हणून मी ते ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीत अर्धे-अर्धे मिसळतो, गव्हाणीत मिठाचा खडा ठेवत नाही आणि हौद सतत भरलेला ठेवतो. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात जनावरांच्या पाण्याचीच टंचाई असते, त्यांनी हा विचार आधी करावा.

ऱ्होड्स गवताच्या बियांबाबत माझे मत अजून पूर्ण ठरलेले नाही, आणि त्याचे कारण गवत नसून पिशवी आहे. एक किलोच्या पिशवीला ९०० रुपये घेतले, आणि तिच्यावर फक्त ‘ऱ्होड्स’ एवढाच शब्द होता. उगवणशक्ती, चाचणीची तारीख, काढणीचा महिना, वाण, यांपैकी काहीही नव्हते. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे अधिसूचित वाणांच्या पिशवीवर वाण, उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख हा मजकूर असावाच लागतो. अधिसूचित नसलेल्या बियांच्या बाबतीतही प्रामाणिक विक्रेता तो लिहितो. मी घरी ओल्या फडक्यात १०० बिया ठेवल्या, त्यांपैकी ३१ उगवल्या. ऱ्होड्सचे ताजे बी काही महिने सुप्तावस्थेत राहते, त्यामुळे बी वाईट होते की केवळ कोवळे होते, हे काढणीचा महिना कळल्याशिवाय ठरवता येत नाही. वाणाचे नाव असणे त्याहून महत्त्वाचे आहे. कटंबोरा आणि पायोनियर यांसारख्या वाणांत २० गुणसूत्रे असतात, तर कॅलाइडमध्ये ४०. हे दोन गट एकमेकांशी नीट संकरत नाहीत. ज्याला स्वतःचे बी धरायचे आहे, त्याला आपल्याकडे कोणता गट आहे हे माहीत असलेच पाहिजे.

पहिली पेरणी माझ्या घाईने गेली. मृगाचा एक पाऊस होताच मी खालच्या तुकड्यात बी फेकले, पंधरा दिवस पावसाने खंड दिला, खालचे क्षार वाफेबरोबर वर आले आणि केसासारखी रोपे जळून गेली. वाढलेले ऱ्होड्स जे क्षार सहजपणे पेलते, ते त्याच्या कोवळ्या रोपाला पेलत नाहीत. बहुतेक गवतांत उगवणीचा काळच सर्वांत नाजूक असतो, आणि ‘सहनशील’ या शब्दात हा फरक कुठेच दिसत नाही. दुसऱ्या वेळी मी पुनर्वसूपर्यंत थांबलो, तीन-चार चांगल्या पावसांनी वरचा थर धुऊन दिला, हलके बी चाळलेल्या शेणखतात मिसळून वरवर टाकले, सरीच्या माथ्याऐवजी कुशीत पेरले, कारण क्षार माथ्यावरच साठतात. ती पेरणी साधली. उगवलेल्यांपैकी बरीच रोपे पुढच्या उन्हाळ्यात गेली, पण जी राहिली त्यांनी दुसऱ्या वर्षी चार कापण्या दिल्या. वाहकता ८ असलेल्या, जिथे ज्वारीचे ताट कमरेला लागत नव्हते, अशा जागेतून आलेली ही वैरण आहे.

आता मालकांशी झालेल्या बोलण्याकडे वळतो. नेपियरमध्ये त्यांनी केलेली निवड वाया गेली, परंतु तीच निवड ऱ्होड्समध्ये वाया जाणार नाही. ऱ्होड्स परपरागित आहे, म्हणजे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर जाऊन त्याला बी धरते. त्याची दर बी वेगळी असते, दर रोपात वेगळा वारसा असतो, म्हणून कठीण जागेत टिकलेल्या झाडांचे बी धरले, ते पुन्हा कठीण जागेत पेरले आणि हा क्रम चालू ठेवला, तर सहनशीलता पिढीगणिक साठवता येऊ शकते. इस्राएलमधील संशोधकांनी ऱ्होड्समध्ये क्षारप्रतिकारासाठी केलेल्या अशा समूह निवडीचे काम १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मारवेल आणि अंजन या गवतांची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यांच्यात बी धरते, पण ते बहुधा फलनाशिवाय तयार होते, त्यामुळे बीसुद्धा आईची नक्कलच असते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या निवड करण्यापेक्षा गायरानांतून, खाऱ्या नाल्यांच्या काठांवरून वेगवेगळी नैसर्गिक झाडे गोळा करून, त्यांतील उत्तम झाड शोधून तेच वाढवणे शहाणपणाचे असते. तीन प्रकारच्या गवतांच्या तीन जन्मकथा, आणि प्रत्येकीत सुधारणेची वाट वेगळी. हे मी त्यांना वहीत गुणसूत्रांचे आकडे मांडून सांगितले. ते बराच वेळ शांत बसले, मग म्हणाले, “म्हणजे मी तीन वर्षं चुकीच्या गवतावर घातली.” मला ते ऐकून वाईट वाटले, कारण इतकी चिकाटी असलेला माणूस या धंद्यात क्वचित भेटतो.

सल्ल्याबाबत एक गंभीर तक्रार राहते. बेणे घेताना तेथील माणसाने संपूर्ण ३० गुंठ्यांसाठी जिप्समची पोती घेण्याचा आग्रह केला होता. जिप्सम सोडियम हटवण्यासाठी असतो. चोपण पट्ट्यात त्याला अर्थ आहे. खालच्या तुकड्यात सोडियम चिकटण्याचा प्रश्नच नव्हता, तिथे विद्राव्य क्षार धुऊन बाहेर काढायचे होते, आणि त्याला उपाय म्हणजे नाल्यापर्यंत नेलेला खोल चर. माती परीक्षणाचा कागद न पाहता जिप्सम विकणे ही चूक आहे, आणि ती लहान शेतकऱ्याला महागात पडते. मी फक्त चोपण पट्ट्यापुरती पोती घेतली आणि उरलेल्या पैशांत चर खोदून घेतला.

पोहोचवण्याची सेवा मात्र उत्तम आहे. सांगितलेल्या दिवशी, पहाटे, बेणे ओले असतानाच टेम्पो बांधावर आला, ठोंब मोजून दिले आणि वाटेत वाळलेले दोनशे ठोंब पुढच्या खेपेला न मागता भरून दिले.

ज्यांची जमीन चोपण आहे, त्यांनी येथून कर्नाल गवताचे ठोंब निश्चिंतपणे घ्यावेत. ज्यांची जमीन क्षारयुक्त आहे आणि निचऱ्याचा चर खोदलेला आहे, त्यांनी ऱ्होड्सचे बी घ्यावे, पण काढणीचा महिना आणि वाण लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नेपियर निरोगी जमिनीत, साध्या दरानेच घ्यावे.

गेल्या आठवड्यात मी खालच्या तुकड्यात फिरून, जिथे उन्हाळ्यात सर्वांत जास्त पांढरे फुटते तिथे टिकलेल्या ऱ्होड्सच्या सत्तावन्न झाडांची पिकलेली कणसे कापली, कागदी पिशवीत भरली, तिच्यावर महिना आणि जागेची वाहकता लिहिली आणि ती रोपवाटिकेत नेऊन दिली. मालकांनी कर्नाल गवताच्या वाफ्यापलीकडचे, आजवर नेपियरसाठी राखलेले दोन गुंठे त्या बियांसाठी मोकळे केले आहेत. पेरणी पुढच्या पुनर्वसूत, चांगला पाऊस झाल्यावरच करायची, असे आमचे ठरले आहे.